लेडी कॉट, एकास वीस : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

मॉडेलचं प्रमाण ठरलं: १:२०. प्रत्यक्षातला एक मीटर म्हणजे इथे ५ सेंटीमीटर. बाहुलीघरवाल्यांची प्रमाणं १:१२ आणि १:२४. त्या मापात दारं, खिडक्या, विटा, कौलं सगळं तयार मिळतं, आणि मला त्यातलं काहीच नकोय. या इमारतीत दुकानातून आणल्यासारखी वस्तूच नाही. १:२० ला जमिनीवरचा बारकावा दिसतो आणि काम संपेपर्यंत घरच्यांना जेवायला निम्मं टेबल तरी उरतं.

विषय: किलर्टनची ‘बेअर्स हट’, म्हणजे अस्वलाची झोपडी. इंग्लंडात, डेव्हनमधल्या एक्झिटरहून ब्रॉडक्लिस्टच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात किलर्टन येतं. आक्लंड घराण्याची इस्टेट, १९४४ पासून नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेकडे. तिथलं मोठं घर जॉन जॉन्सनने १७७८-७९ मध्ये बांधलं, तेही तात्पुरतं म्हणून. जेम्स वायटने आखलेला भव्य प्रासाद टेकडीवर उठायचा होता, तो बारगळला आणि तात्पुरतं घर कायमचं झालं. घर नीटनेटकं आहे, मला त्याचं विशेष आकर्षण नाही. बागेच्या चढावर, झाडीत, गवताने शाकारलेलं एक समरहाउस आहे, म्हणजे फेरफटका मारता मारता बसायची जागा. साल न काढलेली लाकडं, खोल वळचण, आत लहान लहान तीन खोल्या. एका खोलीच्या जमिनीत गोटे बसवलेत, एकीत ओंडक्यांच्या गोल चकत्या, आणि तिसरीत, जिला जोगी-संन्याशाची खोली म्हणतात तिच्यात, चक्क हरणांच्या पायांची हाडं.

हे सगळं १८०८ सालचं.

१९ जानेवारी

लाकडाला हात लावायच्या आधी एक ठरवावं लागतंय: मॉडेल कोणत्या सालचं करायचं? जुन्या इमारतीचं मॉडेल करताना हा प्रश्न टाळला की मग सगळ्या काळांची खिचडी होते.

सोपा पर्याय १८६० च्या दशकाचा. त्या सुमारास कॅनडाहून आणलेलं एक काळं अस्वल इथे ठेवलं होतं. नाव टॉम. त्यावरून ‘बेअर्स हट’ हे नाव पडलं, आणि तेच टिकलं. मी मॉडेल करतेय असं ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न अस्वलाचाच विचारला.

पण कुटी अस्वलासाठी बांधलेली नाही. सर थॉमस डाइक आक्लंड, दहावे बॅरोनेट (हा वंशपरंपरेने मिळणारा किताब), यांना सातव्या वर्षी वारशाने इस्टेट मिळाली. १८०८ साली एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिडिया होअरशी लग्न झालं. नव्या नवरीला चकित करायला म्हणून ही कुटी बांधून घेतली. तेव्हाचं नाव ‘लेडी कॉट’. लिडिया म्हणजे मिचमच्या हेन्री होअरची मुलगी, फ्लीट स्ट्रीटवरच्या होअर्स बँकेचं घराणं. स्टूरहेडची जगप्रसिद्ध बाग याच होअरांपैकी एकाने केली, आणि त्या बागेतही झाडांच्या खोडामुळांची एक कुटी होती. तेव्हा असल्या वेड्यावाकड्या झोपड्यांचं तिला फार अप्रूप वाटलं असेल असं नाही. आपल्या नावाची आहे, याचं वाटलं असेल.

लिडिया १८५६ मध्ये गेली. अस्वल आलं ते त्यानंतर. म्हणजे दोघांची गाठ कधी पडलीच नाही, आणि तरी तिच्या घरावर नाव त्याचं.

मॉडेल १८०८ चं होणार. अस्वल नाही.

२६ जानेवारी

कुंपणाची छाटणी चालली होती तिथून दोन पिशव्या भरून फांद्या आणल्या. हेझल, थोडं सफरचंद, थोडी अल्डर. खांबांना ६ ते ८ मिलिमीटरच्या, चकत्यांना ५ ते ७.

साल टिकणं हे सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळ्यात तोडलेल्या फांदीत रस चढलेला असतो, सालीखालचा थर ओला आणि सैल असतो, सुकली की साल सुटून येते. हिवाळ्यात तोडली तर साल लाकडाला घट्ट धरून राहते. सालीसकट लाकूड वापरायचं तर ते आदल्या थंडीत तोडून ठेवायला हवं. एप्रिलमधल्या लग्नासाठी असलं काम काढायचं म्हणजे तयारी थंडीतच सुरू करायला हवी. जंगलातून हाताला लागेल ते उचलून उभारल्यासारखी दिसणारी ही कुटी तशी उभी राहूच शकत नाही.

संध्याकाळी आबांना फोन केला तेव्हा सहज हे सांगितलं. ते म्हणाले, “मग त्यात नवल ते काय? कळक आपण अवसेच्या आसपास तोडतो तो कशाला? एरवी तोडलास तर वर्षात भुंगा लागून पीठ पडतं.” मग लगेच, “पण काय गं, एवढे श्रीमंत लोक, आणि झोपडी बांधतात?”

“बसायला बांधतात, आबा. राहायला नाही.”

“बसायला ओटा नाही का त्यांच्याकडे?”

ओट्यावर बसून तिथलं घरच दिसतं हो, आबा. यांना घरापासून सुटायचं होतं.

८ फेब्रुवारी

पहिल्या चकत्या रेडिएटरवर ठेवल्या होत्या, बहुतेक सगळ्या मधोमध चिरल्या. फांदी आख्खी सावलीत सुकवायची आणि मगच कापायची. बाकीच्या फांद्या कपड्यांच्या कपाटावर टाकल्या. आज दुसरं काही नाही.

१६ फेब्रुवारी

पाया: एमडीएफचा तुकडा, त्यावर चढाचा उतार दाखवायला फोमचे थर. किलर्टनची टेकडी म्हणजे जुन्या ज्वालामुखीचा लाव्हा, डोक्यावर लोहयुगातला कोट. तिथला खडक गडद, किंचित जांभळट तपकिरी दिसतो. पायाच्या कडेला तो रंग हवा. इंडियन रेड आणि काळा मिसळला तर जवळ येतो. जास्त काळा घातला की डांबर दिसतं.

गोट्यांची जमीन पटकन झाली. मत्स्यटाकीची रेती चाळून ३-४ मिलिमीटरचे खडे वेगळे केले, म्हणजे प्रत्यक्षात ६ ते ८ सेंटीमीटरचे गोटे. बडली सॉल्टर्टनच्या किनाऱ्यावर याहून सुंदर गोटे आहेत, पण तिथून एकही उचलायचा नाही असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. खडे सपाट ठेवायचे नाहीत, उभे रोवायचे, लांब बाजू खाली. खऱ्या फरसबंदीतही तसंच करतात. आडवा गोटा पाय पडला की हलतो, उभा हलत नाही.

लाकडी चकत्यांची जमीन. बारीक दातांच्या करवतीने २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या. मोठ्या चकत्या आधी मांडल्या, मग त्यांच्या मधल्या फटींत लहान, मग उरलेल्या त्रिकोणी जागांत काडीपेटीच्या काडीएवढ्या. सुरुवातीला सगळ्या सारख्या आकाराच्या घेतल्या होत्या, तर जमीन एकदम बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसायला लागली. उचकटून टाकल्या. तीन-चार मापं मिसळली की डोळा फसतो आणि ‘सहज’ म्हणतो. एका चकतीत गाठ आली, ती दाराच्या तोंडाशी लावली, मुद्दाम.

१ मार्च

हाडं.

हा भाग कसा करायचा हे कळेपर्यंत मॉडेल घ्यायचंच नाही असं मनाशी होतं, कारण कुटीत बाकी काहीही विसरलं तरी ही जमीन विसरत नाही. हरणाच्या पायाला दोन खूर, म्हणून खुरांच्या वरच्या नळीच्या हाडाला खालच्या टोकाशी दोन गोल गाठी असतात, मधे खाच. असल्या जमिनीत साधारणपणे हाड गाठीचं टोक वर ठेवून रोवतात. पायाखाली येतात त्या गाठी. वर्षानुवर्षांच्या घासण्याने त्यांना हस्तिदंती झळाळी चढते आणि मधल्या खाचेत काळपट माती बसते. दारात उभं राहून बघितलं तर आधी वाटतं की बारीक, मऊ, पिवळसर खडे लावलेत. खाली वाकलं की जोड्या दिसायला लागतात. एकदा जोड्या दिसल्या की मग खडे म्हणून बघता येत नाही.

हिशेब केला. लाल हरणाची ही गाठ साधारण ४ सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर खोल धरली, तर एका चौरस मीटरला हजार हाडं लागतात. एका जनावराचे पाय चार. म्हणजे चौरस मीटरला अडीचशे हरणं. हरीण लहान जातीचं असेल तर अजून जास्त. आक्लंडांनी एक्समूरवर पिढ्यानपिढ्या हरणांची शिकार केली, त्यासाठी शिकारी कुत्र्यांचे ताफे पाळले. तरीही हाडं साठवायची, उकळून स्वच्छ करायची, मापाप्रमाणे निवडायची, हे कुणीतरी बसून केलेलं काम आहे. वर्षभर गवताने शाकारलेल्या खोपटात राहणारा डेव्हनचा शेतमजूर आपल्या घरात असली जमीन करणार नाही. त्याची जमीन चोपलेल्या मातीची. नाहीतर, थोडं बरं असेल तर, चुन्याची. गरिबीची नक्कल करायला किती पैसा लागतो त्याचा हा हिशेब, चौरस मीटरच्या भावाने.

आता मॉडेल. ४ सेंटीमीटरचे १:२० ला २ मिलिमीटर. पांढऱ्या पॉलिमर मातीच्या गोळ्या केल्या, एकसारख्या होत नाहीत आणि झाल्या तर फारच एकसारख्या होतात. मोहरी मोठी, खसखस बारीक. शेवटी उपासाच्या डब्यातला राजगिरा. दाणा एक मिलिमीटरच्या जरा वर, रंग कच्च्या हाडाचा, आणि प्रत्येक दाण्याला कडेला एक फिकट रेघ. दोन दाणे शेजारी शेजारी चिकटवले की गाठ तयार, खाचेसकट. इथे एकटीच हसत बसले होते.

प्रत्यक्षातल्या चौरस मीटरला दोन हजार दाणे. बघू.

९ मार्च

पद्धत बसली. राजगिरा आधी मंद ओव्हनमध्ये भाजायचा नाही, फक्त सुकवायचा (भाजला तर लाह्या), म्हणजे आत कीड असेल तर मरते. काळ्या कार्डावर पांढऱ्या गोंदाची बोटभर पट्टी, टूथपिकचं टोक जिभेला लावून एकेक दाणा उचलायचा. पट्टी सुकायच्या आत जेवढ्या जोड्या बसतील तेवढ्या. काळं कार्ड यासाठी की मधल्या फटी आपोआप मातीसारख्या दिसतात.

सगळ्या जोड्या एकाच दिशेला नकोत. ओळींनी गेले तर शेत दिसतं, वाटेल तसे टाकले तर सांडलेला राजगिरा दिसतो. दोन्हींच्या मधली जागा हाताला सापडायला वेळ लागला. हाताला सापडल्यावर मात्र विचार करायचा नाही, रेडिओ लावायचा.

सुकल्यावर पातळ केलेलं तपकिरी रंगाचं पाणी वरून फिरवलं आणि लगेच फडक्याने पुसलं. खाचांत रंग राहिला, गाठींवरचा निघाला. वर चमक नसलेलं व्हार्निश दोन हात, आणि दारापासून आतल्या भिंतीपर्यंत जिथून माणसं चालतील तेवढ्याच पट्ट्यावर चमक असलेलं एक हात.

बिक्टनच्या बागेत १८३९ ची अशीच एक कुटी आहे, तिच्यातही हरणांच्या हाडांची जमीन आहे. तीही डेव्हनमधलीच.

२२ मार्च

मॉडेलवर काम नाही, गोंद संपला. आणायला गेले ती एक्झिटरच्या नॉर्दर्नहे गार्डन्समधून. तिथे सर थॉमस यांचा पुतळा आहे, ई. बी. स्टीव्हन्सचा, १८६१ चा. सर थॉमस गेले १८७१ ला, म्हणजे माणूस जिवंत असतानाच पुतळा उभा. लोकप्रिय होते, वादच नाही. खासदार, गुलामगिरीच्या विरोधात, कॅथलिकांना हक्क मिळावेत या बाजूचे.

लिडियाच्या वाट्याला काय आलं? कुटीवर अस्वल बसलं. सर थॉमस यांच्या एका गलबताचं नाव ‘लेडी ऑफ सेंट किल्डा’ होतं. स्कॉटलंडच्या त्या बेटांवर लिडिया गेली होती, त्यावरून ते ठेवलं असं सांगतात. पुढे ते विकलं गेलं, १८४१ मध्ये मेलबर्नच्या किनाऱ्याला नांगरून होतं, आणि त्यावरून तिथल्या उपनगराला नाव पडलं: सेंट किल्डा. नुसतं सेंट किल्डा. ‘लेडी’ तिथेही गळली.

गोंद आणला.

५ एप्रिल

छपराला हात घालायच्या आधी किलर्टनला चक्कर. आज फक्त वळचण बघायची असं ठरवून गेले.

बाग आत्ता जोरात आहे. मॅग्नोलिया, ऱ्होडोडेंड्रॉन्सची सुरुवात. ही बाग जॉन व्हीचने घडवली. स्कॉटलंडच्या जेडबराचा मुलगा, इथे कामाला आला, पुढे इस्टेटीवरच बडलेकला स्वतःची रोपवाटिका काढली. त्याच रोपवाटिकेतून पुढे व्हीच कंपनी झाली, जिने जगभर माणसं पाठवून झाडं आणली. आज डेव्हनच्या बागेत हिमालयातला ऱ्होडोडेंड्रॉन घरच्यासारखा फुलतो त्यात या लोकांचा मोठा वाटा. कुटी बांधली तेव्हा यातलं बरंचसं नव्हतं. माझ्या मॉडेलभोवती ऱ्होडोडेंड्रॉन येणार नाहीत. बीच, ओक, थोडी हॉली, संपलं.

वळचणीची नोंद. गवताचा थर कडेला चांगला हातभर जाड दिसतो. कडा सरळ कापलेली नाही, खालून आत तिरकी छाटलीय, म्हणजे पाणी भिंतीकडे न येता बाहेर ठिबकतं. काड्यांची कापलेली टोकं बाहेर. जवळून बघितलं तर छपराचा पृष्ठभाग म्हणजे हजारो लहान पोकळ वर्तुळं. फोटोत हे येत नाही, फोटोत नुसतं करडं मखमल येतं.

एक कुटुंब आलं, दोन मुलं धावत आत गेली आणि धावत बाहेर आली. “अस्वल कुठाय?” आईने फलक वाचून सांगितलं की ते दीडशे वर्षांपूर्वी होतं. धाकट्याला हे मान्य नव्हतं. त्याने पुन्हा आत जाऊन तिन्ही खोल्या तपासल्या. जमिनीकडे दोघांनीही बघितलं नाही. मोठ्यांचंही तसंच चालतं, त्यात मुलांचा काय दोष.

१२ एप्रिल

छपराचं सामान. डेव्हनमध्ये गव्हाची काडी वापरतात, लांब दांड्याच्या जुन्या जातींची. मळणीत काडी चुरगळू द्यायची नाही, विंचरून घ्यायची, सगळे बुडखे एका बाजूला. ‘कोंब्ड व्हीट रीड’ म्हणतात, नाव रीडचं, म्हणजे बोरूचं, असलं तरी आहे ती गव्हाचीच. अशी काडी ४-५ मिलिमीटर जाड. १:२० ला पाव मिलिमीटर. खरी गवतकाडी मॉडेलवर लावली तर पाइप टाकल्यासारखे दिसतात.

पाव मिलिमीटरचा धागा म्हणजे काथ्या. इथे बागेच्या दुकानात नारळाच्या सुंभाची लडी मिळते, वेली बांधायला. ती उलगडून धागे सुटे केले तर सगळे कुरळे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण लहानपणापासून ऐकतेय, आज हातात घेऊन खात्री केली. रात्रभर भिजवले, ताणून खिळ्यांना बांधून वाळवले, तरी निम्मा पीळ आहेच. मग उकळत्या पाण्यात घालून, केस विंचरायच्या बारीक फणीने विंचरून, वर इस्त्री. आता सरळ झाले. घरात नारळाच्या वखारीचा वास आहे.

२६ एप्रिल

शाकारणी सुरू. वासे ५० अंशांच्या उतारावर. गवताच्या छपराला ४५ अंश तरी हवेतच, त्याहून कमी उतार दिला तर पाणी निथळायच्या आत मुरतं. आतून पाणी झिरपत नाही ते छप्पर जाड आहे म्हणून असं लोकांना वाटतं, पण पाणी खरं तर वरच्या बोट-दोन बोटांतच काडीवरून काडीवर उतरत वळचणीला जातं. आतली काडी वर्षानुवर्षं कोरडीच असते. उतार बिघडला की हे सगळं बिघडतं.

काम वळचणीपासून वर. काथ्याची बोटाएवढी जुडी, बुडखा कापून सारखा, शेंड्याला गोंद, वाशांवरच्या आडव्या पट्टीला चिकटवायची. पुढची जुडी शेजारी. एक ओळ पुरी झाली की वरची ओळ तिच्यावर पाऊण भाग चढवून, म्हणजे बुडख्यांची फक्त टोकं उघडी राहतात. खऱ्या छपरावर गोंदाऐवजी हेझलच्या चिरफळ्या असतात. काठी उभी फाडायची, मधोमध पीळ देऊन दुमडायची, आणि आडव्या काठीवरून गवतात ठोकायची. पीळ दिल्याने काठी तुटत नाही आणि आत गेल्यावर उघडायला बघते, म्हणून निघून येत नाही. तसली एक मी खऱ्या मापात करून बघितली. तिसऱ्या काठीला जमली, मनगट अजून दुखतंय.

कोपरे गोल. या कुटीच्या छपराला कुठे धारदार कडा नाही, दोन उतार एकमेकांत वितळतात. तिथे जुड्या पंख्यासारख्या पसरवाव्या लागतात, खाली रुंद आणि वर निमुळत्या, नाहीतर फट पडते. दिवसभरात एक कोपरा झाला.

तासन्तास हे करताना एक गोष्ट पक्की होत गेली. यूव्हडेल प्राइसने १७९४ मध्ये खडबडीतपणा, अचानक बदल आणि अनियमितपणा ही चित्रमय देखाव्याची लक्षणं म्हणून मांडली, आणि एक पिढीभर इंग्लंडातल्या जमीनदारांनी ती गंभीरपणे घेतली. ब्रिस्टलजवळ जॉन हारफर्डने, तोही बँकवाला, वास्तुकार जॉन नॅशकडून १८११ मध्ये ब्लेझ हॅम्लेट बांधून घेतलं, इस्टेटीवरच्या थकलेल्या नोकरांसाठी नऊ कुट्या, नऊच्या नऊ वेगळ्या. पेन्सहिलच्या मालकाने तर बागेतल्या कुटीत राहायला पगारी संन्यासी शोधला होता, सात वर्षं न बोलता राहायचं आणि मग सातशे पौंड. तो थोड्याच दिवसांत हाकलला गेला अशी गोष्ट सांगतात. या लोकांवर हसणं सोपं आहे. मीही हसत होते. पण कोपऱ्यावरची जुडी कशी वळवायची याचा विचार करणारा थॅचर, म्हणजे शाकारणी करणारा, चकत्यांची मापं मिसळणारा सुतार, हाडं निवडणारा माणूस, यांनी केलेलं काम थट्टेचं नाही. हौस खुळी असेल, हात खुळे नव्हते.

३ मे

आतलं छत. पाइनची बोंडं लावलेला भाग आहे, त्याला २-३ मिलिमीटरची, खवल्यांची, लांबुळकी वस्तू पाहिजे होती. लवंगेचं डोकं मोठं झालं. ओवा बरोबर बसला, उभ्या रेघांसकट. चिमट्याने दाबला की ठसका लावणारा वास येतो. राजगिऱ्यासारखंच व्हार्निश करून बंद केला, नाहीतर पावसाळी हवेत किडे होतील.

संन्याशाच्या खोलीच्या छताला हरणाचं कातडं. शॅमॉयच्या, म्हणजे मऊ चामड्याच्या, फडक्याचा तुकडा पाण्यात भिजवून, दगडाने घासून पातळ केला, चहाच्या पाण्यात बुडवला, खिळ्यांच्या जागी सुईच्या टोकाने टिंबं. खालून हाडं, वरून कातडं. त्या खोलीत उभं राहिलं की आपण एका जनावराच्या आत आहोत असं वाटतं, आणि हे मला कुठल्याही फोटोवरून कळलं नव्हतं. खिडकीत जुन्या रंगीत काचा आहेत, त्या पारदर्शक फिल्मवर रंगवल्या. लाल रंग जपून, एक थेंब जास्त झाला की हाडांवर गुलाबी उजेड पडतो.

१७ मे

छप्पर पुरं झालं, फक्त आढं बाकी. डेव्हनमधलं जुन्या पद्धतीचं आढं बसकं असतं, वर नक्षीदार पट्टी नाही. तेच करायचं, काथ्या ओला करून दोन्हीकडे दुमडून. खऱ्या छपराचंही आढं सगळ्यात आधी जातं, बाकी गवत पंचवीस-तीस वर्षं टिकलं तरी आढं दहा-पंधरा वर्षांत नवं करावं लागतं.

छप्पर उचलता येईल असं ठेवलंय, नाहीतर तिन्ही जमिनी कुणाला दिसणारच नाहीत. अडचण अशी की छप्पर उचललं की ओव्याची बोंडं आणि कातडं छपराबरोबर वर जातं. म्हणून छताचा थर वेगळा केला, तो मध्ये राहतो, तोही उचलता येतो. तीन थर: छप्पर, छत, खोल्या. मागच्या दोन कोपऱ्यांत चुंबक बसवले, आता हलत नाही.

उरलेलं: आढं. दाराच्या बिजागऱ्या. बीचची झाडं चार. पायाच्या कडेची पाटी, ‘लेडी कॉट, १८०८’, पितळी पत्र्यावर कोरून घ्यायची, छापील नको. आबांना छप्पर काढून व्हिडिओ दाखवला. हाडांच्या जमिनीकडे बराच वेळ बघत होते, मग विचारलं, “राजगिरा कितीचा लागला?” अर्धा किलोतला मूठभर, आबा. बाकीच्याचे लाडू केले.